पाय पाहणारे मास्तर

आमचे ड्रिलमास्तर माणसाच्या तोंडाकडे पाहून बोलत नसत. समोर डिप्टी कमिशनर असो की दूधवाला, त्यांची नजर आधी खाली जायची. नागपूरहून बदलून आलेल्या हेडमास्तरांना पहिल्या दिवशी वाटलं, काय नम्र मनुष्य आहे. पुढे कधीतरी त्यांना कळलं की मास्तर त्यांचे पाय तपासत होते, आणि ‘हेडमास्तर उजव्या अंगाले कलते, गोलकीपरच्याबी कामाचे नाई’ असा निकाल त्यांनी त्याच दिवशी देऊन टाकला होता. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, आमच्या मास्तरांना ते बाजारात दिसत. आख्खं बुलढाणा त्यांना पायमास्तर म्हणे, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. “तोंड खोटं बोलते बे,” ते सांगत, “पाय नाई बोलत.”

बाजाराचं सांगतो, कारण मास्तरांची खरी शाळा तिथेच होती. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, आणि शाळांच्या फुटबॉलच्या डिव्हिजनच्या मॅची अमरावतीला व्हायच्या. डिव्हिजन जिंकणं म्हणजे त्या वयात आम्हाला इंद्रपद वाटे. पण जिंकायचे नेहमी तेच दोन-चार गाववाले. त्यांच्याकडे रेल्वे होती, बोर्डिंग होतं, बूट होते. पैसेवाल्यांची पोरं आपसूक तिकडे शिकायला जात. त्यांच्यातली चांगली पुढे नागपूरची कॉलेजं उचलत, म्हणून ते दरसाल नवी शोधत आणि आमच्याकडून नेत. मग आमच्याकडे काय उरणार? बुलढाण्याला रेल्वे नाही. मलकापूरला उतरून मोटारीने राजूरचा घाट चढायचा. कोण येतो मरायला? म्हणून बाजाराच्या दिवशी मास्तर सायकल काढत आणि धाड गावाला नाहीतर आणखी कुठे जात, गुरांच्या रांगेजवळ बसत आणि दिवसभर पोरांचे पाय पाहत.

पोरगा पसंत पडला की मास्तर त्याच्या बापाला भेटत नसत. “बाप हो म्हणते अन् पेरणीले पोट्टं वापस नेते. मायचा हो पक्का असते,” हे त्यांचं गणित. आईपुढे जाऊन उकिडवे बसत आणि सांगत, “माय, याले मॅट्रिक करून देतो. हा माह्या घरी राहीन, माह्या घरी जेवीन.” हे नुसतं बोलणं नव्हतं. त्यांच्या ओसरीवर आम्ही पोरं ओळीने निजत असू आणि मास्तरीणबाई आमच्या भाकरी थापत असत. त्यांना मूलबाळ नव्हतं. “फुटबॉल तुमचा अन् पिठाचा डबा माह्या खाली होते,” असं त्या म्हणत आणि म्हणता म्हणता आणखी एक भाकर ताटात टाकत. मी दुसरबीडचा, माळव्याच्या, म्हणजे भाजीपाल्याच्या वाफ्यात वाढलेला. मास्तर तिकडे कुणाच्या लग्नाला आले होते. पाण्याचा दांड ओलांडताना मी डावा पाय आधी टाकला, एवढ्यावर त्यांनी मला निवडलं. पुढे कितीतरी दिवस मला वाटे की आपल्यात काहीतरी असामान्य आहे. तसं काही नव्हतं, त्यांना फक्त डावा खेळाडू हवा होता.

असामान्य होता तो कासम. धाडच्या पिंजाऱ्याचा मुलगा. बाजारात एक बकरी दोर तोडून पळाली. चार मोठी माणसं तिच्यामागे धावताहेत, आरडाओरडा चाललाय, आणि हा पोरगा कुणाशी तरी बोलता बोलता, खाली न पाहता, सरपटत्या दोरावर पाय देऊन उभा राहिला. बकरी जागच्या जागी थांबली. मास्तर सायकल तिथेच आडवी टाकून त्याच्या घरी गेले. कासमची आई परदा धरून दाराआडून म्हणाली, “मास्टरसाब, खेल से पेट भरता क्या?” मास्तर म्हणाले, “भाबी, शाळेनं भरते. खेळ म्या माह्यासाठी मागून राह्यलो.” असं खरं सांगणारा माणूस तिने बहुधा आधी पाहिला नसावा. कासम आमच्या ओसरीवर आला.

त्याचा खेळ कसा होता ते मला नीट सांगता येत नाही, याचं आजही वाईट वाटतं. आम्ही सगळे चेंडूमागे धावायचो. चेंडू जिथे येणार तिथे कासम आधीच जाऊन उभा असे, एखाद्या पाहुण्याची वाट पाहत असल्यासारखा. मास्तर त्याला काही शिकवत नसत. कामठीच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांचा खेळ पाहून शिकलेले मास्तर आम्हाला शिव्या देऊन देऊन घसा बसवून घेत, पण कासमकडे चेंडू गेला की गप्प होत. एकदा मला म्हणाले, “याले घेऊन एक डाव अमरावती जिंकली, की मंग मले कोणी काई म्हणो.” उभ्या आयुष्यात त्यांनी मागितलेली तेवढी एकच गोष्ट मी ऐकली.

आणि दरसाल हंगाम संपला की अकोल्याचे सर यायचे. तिथल्या एका मोठ्या शाळेचे, कोट-टोपी घालणारे, बोलायला गोड. आमच्या पोरांची मॅच लावायला सांगत, कडेला खुर्ची टाकून बसत, आणि संध्याकाळी एक-दोघांची नावं घेत. फी माफ, बोर्डिंग फुकट, बूट शाळेचे. शिवाय तिथला चांगला खेळाडू असला की रेल्वेवाले आपल्या टीमसाठी त्याला नोकरीत घेत, हेही सगळ्यांना माहीत होतं. कोण नाही म्हणेल? मास्तर नाही म्हणत नसत आणि पोरांना अडवतही नसत. फक्त रात्री जेवताना म्हणत, “आपून पन्हेरी टाकाची, रोपं वाढवाची, अन् लावणी त्यायच्या वावरात.” मास्तरीणबाई म्हणत, “मंग नका टाकू पन्हेरी.” पुढच्या बाजाराला मास्तर पुन्हा सायकलवर.

त्या वर्षी मात्र सर येणार असं कळलं आणि मास्तरांनी कासमला बाजूला घेतलं. मी जवळच होतो. आमच्याकडे बैलबाजारात एक रीत आहे. विकायचा नसलेला चांगला बैल सोबत असला, तर शेतकरी त्याला शेण फासून, झूल काढून, मागच्या रांगेत उभा करतो, म्हणजे दलालाची नजर पडत नाही. मास्तरांनी तेच केलं. “कास्या, आज तुले खेळता येत नाई,” ते म्हणाले. “पाय घसरू दे, चेंडू बाहेर जाऊ दे. एक साल थांब माह्यासाठी. अमरावती झाली की म्या स्वतः तुले अकोल्याले नेतो.” कासमने विचारलंसुद्धा नाही का म्हणून. “बरं मास्तर,” म्हणाला.

आणि तो वाईट खेळलासुद्धा असा की काय सांगावं. पडला, अडखळला, रिकाम्या जागी लाथ मारली. पाहणारे लोक हसले. सरांनी मास्तरांना विचारलं, “हा पिंजाऱ्याचा पोरगा म्हणत होते तो हाच का?” मास्तर म्हणाले, “हाच. गावानं केलेली हवा, दुसरं काय.” सरांनी माझं नाव घेतलं. मास्तर त्या रात्री इतके खूश होते की त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. “याले नेते तं नेऊ दे,” माझ्याकडे बोट करून म्हणाले, “कास्या वाचला.” मला झोंबलं, खोटं कशाला बोलू. पण कासम मांडीवर थापा मारून हसत होता, मग मीही हसलो. कुणाला काय माहीत होतं.

जूनमध्ये मी अकोल्याला गेलो. बोर्डिंगचं वरण पातळ होतं आणि घरची आठवण दांडगी येई, पण बूट मिळाले. डिव्हिजनला अमरावतीत आमची गाठ बुलढाण्याशीच पडली. मी त्यांच्या पोरांत कासमला शोधत होतो. मास्तर आले, सवयीने माझ्या पायांकडे पाहिलं आणि बुटांवरून नजर हलवली. मी विचारलं, “मास्तर, कासम कुठी हाये?” ते म्हणाले, “धाडले, त्याच्या घरी. पावसाळ्यात बाप गेला त्याचा. कापसानं छाती धरली होती. घरी तीन लहान हायेत. म्या जाऊन मायपाशी बसलो, पण ते बिचारी तरी काय करीन? कास्या पिंजाले बसला.”

आम्ही बुलढाण्याला हरवलं. किती गोलांनी ते सांगत नाही. मॅच झाल्यावर मास्तर आपल्या पोरांना पाणी पाजत होते, तिथे मी गेलो. म्हणालो, “मास्तर, अकोल्याले असता तरी बाप मेल्यावर तो घरी गेलाच असता.” शहाणपणा, दुसरं काय. मास्तर म्हणाले, “गेला असता. पण त्या सरनं रेल्वेवाल्यायले सांगतलं असतं, हा पोट्टा पाहा म्हणून. घरी पगार गेला असता. त्यायनं त्याले पाह्यलाच नाई बे. म्या पाहू देला नाई.” मग म्हणाले, “शेण म्या फासलं. ते काई धुऊन निंगत नाई.” मास्तरांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

त्यानंतर मास्तरांनी बुलढाण्याची टीम कधी बांधलीच नाही म्हणा ना. पोरं आणत पहिल्यासारखीच, ओसरीवर ठेवत, शिव्या देत, तयार करत. आणि पोरगा तयार झाला की अकोल्याच्या सरांची वाट न पाहता स्वतः त्याला मोटारीत घालून, मलकापुराहून गाडीत बसवून सरांपुढे नेऊन उभा करत. “याले पाहून घ्या,” एवढंच म्हणत. कधी अकोला, कधी अमरावती, जो घेईल तो. गावातले टवाळ म्हणत, पायमास्तर पोट्टे वाटत फिरते. आमची बुलढाण्याची शाळा दरसाल पहिल्या मॅचीत हरायची. हेडमास्तरांनी बोलावून विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, “साहेब, कपाटात कप नाई, हे खरं हाये. पण आपले पोट्टे दुसऱ्याच्या कपात हायेत.” हे उत्तर हेडमास्तरांना आवडलं नाही, आणि मास्तरांची बढती तिथेच राहिली.

मला शाळा सुटायच्या आधीच रेल्वेत घेतलं, भुसावळला. डावा खेळाडू पाहिजे होता म्हणून. ही नोकरी कुणाची होती ते मला ठाऊक आहे, आणि ते कुणाला सांगून उपयोग नाही. मास्तरांना कळवलं तेव्हा ते भुसावळला येऊन गेले, माझ्या खोलीत एक दिवस राहिले, माझ्या बायकोच्या हातची भाजी खाल्ली. निघताना म्हणाले, “पगारातून मायले पाठवतं ना?” हो म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. तीच शेवटची भेट. लढाईच्या दिवसांत हिवतापाने ते गेले, मला उशिरा कळलं. सुटी काढून मी बुलढाण्याला गेलो. मास्तरीणबाई रडल्या नाहीत. ओसरीवर दोन पोरं तेव्हाही अभ्यास करत बसली होती. त्या म्हणाल्या, “मले भेटला, आता धाडले कास्याकडे जाऊन ये. त्याले कोणी भेटाले जात नाई.”

कासम दुकानाच्या फळीवर कापसात बसला होता. दाढी, भुवया, सगळं पांढरं. मला पाहून उठला, हात पुसले, जवळ घेतलं. बहिणींची लग्नं झाल्याचं त्याने सांगितलं. आई आहे, दिसत नाही तिला. त्याच्या बोलण्यात कुठे कडवटपणा नव्हता, आणि असता तर मला सोपं गेलं असतं. मास्तर दर बाजाराला येऊन त्याच्याजवळ बसत, चहा पीत, कोणता पोरगा कुठे गेला ते सांगत, हे मला तेव्हा कळलं.

मग त्याने विचारलं, “एक सांग बे. मास्तर सांगे, अकोल्याच्या मैदानात काई दम नाई, नुसते गोटे हायेत, पोट्ट्यायचे गुडघे फुटतात. खरं हाये काय?”

अकोल्याच्या त्या मैदानाला शाळेने माळी ठेवला होता. श्रावणात तिथे अनवाणी चाललं की बोटांमधून गवत वर यायचं. मास्तरांनी ते कितीदा पाहिलं होतं.

मी म्हणालो, “हाव बे. गोटेच गोटे.”

“मास्तर गेले तवा मले वाटलं,” कासम म्हणाला, “आता मले हे सांगणारं कोणी राह्यलं नाई.” आणि त्याने पिंजायची कमान उचलली.