पायरीवरची रेघ

पाणकोंबडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती घरात कमी आणि पाण्यात जास्त सापडायची, म्हणून बाबांनी ते चिकटवलं. ते असं चिकटलं की पुढे कॉलेजातल्या मॅडमही विसरून तीच हाक मारायच्या. नदी समुद्राला मिळण्याआधी जिथे दहा वाटांनी फाटते, तिथल्या सखल वस्तीत ती वाढली. तिथे सकाळी जिथे जमीन असते तिथेच दुपारी पाणी असतं, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

बाबा बांधावरचे दारवाले. ओहोटी लागली की लोखंडी चाक फिरवून पाण्याचं दार उघडायचं आणि वस्तीत तुंबलेलं पाणी नदीत सोडायचं. भरती आली की दार बंद. ही त्यांची तीस वर्षांची नोकरी. दार उघडण्याआधी ते बांधावर उभे राहून खच्चून ओरडायचे, "सामान हलवा!" खाली पाटात कुणी कपडे धूत असायचं, कुणाची होडी बांधलेली असायची. पण चिटपाखरू नसलं तरी ते ओरडायचेच.

आई म्हणायची, "आता काय बगळ्यांना सांगताय?"

"त्यांचं नसतं होय सामान?" बाबा म्हणायचे आणि चाकाला हात घालायचे.

घर दाराला लागूनच. ते बांधलं तेव्हा मोजणीवाल्याने पहिल्या पायरीवर छिन्नीने एक रेघ मारून शेजारी जमिनीची उंची कोरली होती. भरतीला दार बंद असताना तुंबलेलं पाणी त्या रेघेपासून किती खाली राहिलं, हे बाबा रोज पट्टीने मोजून वहीत लिहायचे. वर्षागणिक ते अंतर कमी होत चाललं होतं. "पाणी चढतंय गं, पाणकोंबडे," ते म्हणायचे. त्यांचा सगळ्या जगात विश्वास कुणावर असेल, तर त्या पायरीवर.

अशा घरातली मुलगी लँडस्केप आर्किटेक्चर शिकायला गेली. शेजारपाजारी म्हणाले, झाडं लावायला कॉलेज कशाला हवं? तिने कुणाशी वाद घातला नाही. दुपारच्या वर्गात खिडकीतून तिरपं ऊन येई, मॅडम संथ आवाजात पाण्याबद्दल बोलत, आणि तिला अर्धवट जागेपणी वाटे, आपली वस्ती एक मोठी पसरट होडी आहे आणि आपण सगळे तिच्यात बसून कुठेतरी चाललो आहोत. मॅडम म्हणायच्या, पाण्याला हाकलत बसू नका, त्याला बसायला जागा द्या. हे वाक्य तिने वहीत लिहिलं नाही, कारण ते विसरणं शक्यच नव्हतं.

शेवटच्या वर्षी तिने आपलीच वस्ती निवडली. भरती आणि पाऊस एकाच वेळी आले की दार उघडता येत नाही आणि पाणी घराघरांत शिरतं. ओहोटीपर्यंत ते थांबेल असं तळं खणायचं, हा तिचा आराखडा. पाणी खात्याने यंदा सांगितलं होतं, तपासणीत टिकेल तो आराखडा आम्ही खरोखर बांधू. तिचा जीव त्यातच अडकला होता.

त्यांच्या वर्गाची एक रीत होती. नमुना तयार झाला की त्याच्याबद्दल बोलायचं नाही, त्यावर किटलीने पाणी ओतायचं. तिने ओतलं. पुठ्ठ्याच्या वस्तीतून पाणी झुळझुळत पलीकडच्या पडीक जागेच्या तळ्यात गेलं, आणि बांधाजवळचं घर बेटासारखं कोरडं राहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या मॅडमनी वाजवल्या नाहीत.

"या एका घराची उंची कुठून घेतलीस?"

"पायरीवरच्या रेघेवरून. कोरलेलीच आहे."

"आणि बाकी वस्तीची?"

"नव्या मोजणीतून. नदीवरच्या पुलाच्या खांबावरच्या खुणेवरून."

"मग घराचीही एकदा पुलावरून घे." पुलाचे खांब खोल, खडकापर्यंत गेलेले. ते हलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिने मोजणीची दुर्बीण लावून मोजलं. मग पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही आकडा तोच आला. पायरी कोरलेल्या आकड्यापेक्षा चांगली वीतभर खाली होती. मऊ गाळावरचं पक्कं, जड घर तीस वर्षं भोवतालच्या जमिनीलाही खाली ओढत गुपचूप खचत आलं होतं. वस्तीतली सगळ्यात सखल जागा पलीकडची पडीक नव्हे, हीच. तळं इथेच व्हायला हवं, म्हणजे हे घर उठवायला हवं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मूग गिळून बसली असती, तर कुणाला कळलं असतं? मॅडमना कळलं असतं, हे खरं. पण तिला त्याहून भीती पहिल्या मोठ्या पावसाची वाटली, चुकीच्या जागी खणलेल्या तळ्याची आणि पाण्यात बसलेल्या शेजाऱ्यांची. संध्याकाळी तिने पायरीवर बसून बाबांना सगळं सांगितलं. सांगताना ती रडली.

बाबांनी रेघेवरून बोट फिरवलं. "म्हणजे तीस वर्षं मी लिहीत होतो, पाणी चढतंय..."

"तेही चढलंच, बाबा. पण थोडे आपणही उतरलो."

आतून आई म्हणाली, "तरी मी म्हणत होते! पूर्वी ही पायरी चढायला पाय उचलावा लागायचा, आता नुसता पुढे टाकला तरी पुरतो. तर म्हणे, तुला सवय झाली."

बाबा हसले नाहीत. वह्या उचलून आत गेले, आणि त्यांनी जेवायलाही तोंड उघडलं नाही. ती आठवडाभर नवा नमुना करत होती, आणि ते तिच्याशी कामापुरतं बोलत होते.

तपासणीच्या सकाळी मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून वर्गात आले. खात्याचे साहेब, मॅडम, सगळे टेबलाभोवती उभे होते. नव्या नमुन्यात बांधाजवळ रुंद, उथळ तळं होतं. त्याच्या मधोमध पुठ्ठ्याचं एक घर तिने तसंच ठेवलं होतं. ते काढायला तिचा हात धजला नव्हता. किटली तिच्या हातात होती आणि ती ओतत नव्हती.

बाबांनी तिच्या हातातून किटली घेतली. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी ते घर अलगद उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं.

मग सवयीने, पण फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू ते म्हणाले, "सामान हलवा."

आणि त्यांनी पाणी सोडलं.