कामगाराची मुलगी

आम्ही मस्कतला, हमरियाच्या कामगारवस्तीत राहायचो. बाबा एसी दुरुस्त करायचे, पण चिपळूणजवळच्या आमच्या गावात ते ‘मस्कतचे इंजिनिअर’ होते. ही पदवी त्यांना कुणी दिली देव जाणे. बाबांनी ती कधी नाकारली नाही, एवढं खरं.

बारावीला मला चांगले मार्क मिळाले. इंजिनिअर व्हायचं होतं ते मला. बाबांनी कॉलेजच्या फॉर्मवर ‘एनआरआय’पुढे झोकात खूण केली. मग त्याची फी वाचली आणि फॉर्मची घडी घातली.

“गावाला काकाकडे रहा, बीएस्सी कर. ती पण काय वाईट नाय.”

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आज त्याची लाज वाटते.

माझ्या एका वर्गमैत्रिणीचे वडील बँकेत मॅनेजर होते, घर अझैब्याला, श्रीमंतांच्या भागात. ती सहज म्हणाली, “गल्फ वर्कर्सच्या चिल्ड्रनचा कोटा आहे ना, फी खूप कमी. डॅडनी माझा फॉर्म त्यातूनच भरला. कंपनीचं लेटर लागतं फक्त.”

मला तिचा विनाकारण राग आला. त्यांच्याकडे ही गोष्ट चहासोबत बोलली जायची. आमच्याकडे फीचा विषय काढला की पगारावर यायचा, म्हणून कुणी कुणाला विचारायचंच नाही.

घरी येऊन सांगितलं. फॉर्मला तीन दिवस उरले होते.

“म्हणजे कागदावर वर्कर लिहायचं?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“त्या मॅनेजरने लिहिलं?”

“त्यांनी पण.”

दुसऱ्या दिवशी बाबा कामाच्या कपड्यांतच अर्बाबकडे, म्हणजे कंपनीच्या अरब मालकाकडे गेले आणि पत्र घेऊन आले. त्यात त्यांचं काम स्पष्ट लिहिलं होतं: एसी मेकॅनिक. मला प्रवेश मिळाला.

पुढच्या गणपतीत मी हॉस्टेलवर होते. मस्कतच्या मराठी मंडळाच्या हॉलमधूनच आईचा फोन आला. आरतीनंतर बाबांनी म्हणे माइक मागितला. पुढे डॉक्टर, बँकवाले. मागे हमरियातली माणसं, त्यात आमच्या गावचीही.

“मी एसी मेकॅनिक,” बाबा म्हणाले होते, “आणि कामगाराची मुलगी म्हणून माझ्या पोरीला ॲडमिशन मिळाली. ज्यांची पोरं बारावीला आहेत त्यांनी मला भेटा. काय कागद लागतात ते मी सांगतो.”

“भेटलं का कुणी?” मी विचारलं.

“पंगत उठली तरी त्यांच्याभोवतीची गर्दी हटत नाही,” आई म्हणाली, “तुझे बाबा अजून जेवले नाहीत.”