येबोआ मास्टर आणि न अडकणारा फोन

कुमासी शहरातल्या आमच्या बांतामात अशी बातमी आहे की अफ्राकोमानं येबोआ मास्टरकडून बाजारातला सगळ्यात जलद फोन उकळला आणि लग्न मात्र ओपोकूशी लावून मोकळी झाली. ही बातमी मी चारचौघींच्या तोंडून ऐकली, आणि दर वेळी त्या फोनची किंमत वाढलेली होती. बातम्या पसरवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे मीच सांगते. सकाळी वाकेचं, म्हणजे चवळीभाताचं, पातेलं घेऊन विकायला बसले की भात कमी आणि गप्पा जास्त खपतात. पण ही बातमी खोटी आहे. फोन तिनं परत पाठवला, तोही माझ्याच हातून. वरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघालेला नव्हता.

येबोआ फोन दुरुस्त करतो. त्याची निळी टपरी माझ्या पातेल्याला लागूनच. कुमासीत टपरीवर देवाचं वाक्य लिहिल्याशिवाय गिऱ्हाईक येत नाही, तसं त्याच्याही टपरीवर लिहिलंय, ‘देवाची वेळ हीच खरी वेळ’. मी म्हणायची, “मास्टर, देवाला वेळच वेळ आहे रे. तुझं काय? डोक्यावरचे केस बघ, निघाले गावाला.”

तो हसायचा. हसताना तोंडावर हात धरायचा, कारण पुढचा एक दात पडलाय आणि तो अजून बसवलेला नाही. का नाही? तर आता त्याहून चांगले दात येणार आहेत म्हणे. असा माणूस! आंबेवालीकडे उभा राहून म्हणेल, पुढच्या आठवड्यातले जास्त गोड असतील. पुढच्या आठवड्यात आंब्यांचा हंगाम संपलेला. मग शांतपणे माझ्याकडे येऊन वाके खाणार. आणि कुणी विचारायला आलं, “मास्टर, हा फोन घेऊ का?”, की उत्तर ठरलेलं. “थांबा जरा. याच्या पुढच्यात चिप जलद आहे.” गल्लीत आम्ही त्याला थांबमास्टर म्हणायला लागलो. समोरच म्हणायचो, पाठीमागं नाही. एवढी सभ्यता आमच्यात आहे.

समोरच्या मोठ्या छत्रीखाली अफ्राकोमा वेण्या घालते. हात असे चालतात की बघणाऱ्याच्या डोळ्यांना भोवळ यावी. कुणीतरी तिला सांगितलं, वेण्यांचे व्हिडिओ करून टाक, थेट राजधानीतून, अक्राहून गिऱ्हाईक येईल. तिनं केले. पण तिचा फोन म्हणजे म्हातारं गाढव. व्हिडिओ जोडायला घेतला की मध्येच अडकायचा आणि पडद्यावर गिऱ्हाइकाचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. ती रस्ता ओलांडून यायची आणि फोन येबोआच्या टेबलावर आपटायची.

“हा मेला.”

“मेला नाही, झोपलाय,” तो म्हणायचा.

“मग उठव. नाहीतर याच्यासाठी शवपेटी कर, कोळ्यांना करतात तशी, माशाच्या आकाराची.”

एकदा फोन उठवता उठवता दोघांची मनं कधी जुळली, ते मला विचारू नका. विचाराल तर सांगेन, कारण मी समोरच होते. पण त्यात सांगण्यासारखं एवढंच की येबोआ गातो हे आम्हाला तेव्हा कळलं. चर्चच्या समूहात तो खालच्या पट्टीत गायचा, कुणाला ऐकू येत नसे. तिच्यासमोर तो टपरीत गुणगुणायला लागला आणि ऐकू यायला लागलं.

आता लग्न म्हटलं की आधी दार ठोठावायचं. मुलाकडची वडील माणसं श्नॅप्स दारूची बाटली घेऊन मुलीच्या मामाकडे जाणार. मुलगा स्वतः एक शब्द बोलत नाही, त्याच्या वतीनं दुसरे बोलतात. बाटली गेली की मुलीवर नाव लागलं. बाटली नाही, तर तुम्ही वर्षभर रोज तिच्या छत्रीखाली बसा, तुम्ही कुणीच नाही. मुलीला द्यायची पेटी, कापडं, बाकी सगळं नंतर.

येबोआचं घोडं पेटीत अडलं. हल्ली पेटीत कापडांच्या वर फोन ठेवतात आणि सगळी गल्ली माना लांब करून बघते.

“आंटी, समजा आत्ता बाटली पाठवली,” तो मला म्हणाला, “तर मामा तारीख मागणार. महिन्यात पेटी द्यावी लागणार. आणि आत्ता मिळतो तो फोन मी उघडून बघितलाय. व्हिडिओ जोडताना तो अडकणार. ईस्टरच्या आधी नवा प्रोसेसर येतोय. तो घेतला की तिचं काम दुप्पट होईल.”

“तुला बायको हवीय की प्रोसेसर?”

“चेष्टा नको. फोन दुरुस्त करणाऱ्याची बायको, आणि तिचाच फोन अडकतो? लोक शेण घालतील तोंडात.”

“लोक म्हणजे मीच ना? मी आत्ताच घालते, म्हणजे ते काम तरी उरकेल.”

पण त्यानं ऐकलं नाही. पाद्रीबाबांना विचारलं, ते म्हणाले प्रार्थना कर. मांपाँग गावी राहणाऱ्या स्वतःच्या मामाला विचारलं, तर म्हातारा म्हणाला, “तुझा फोन आला की मला बोलव. मी तोवर असलो तर येईन.” अफ्राकोमाला मात्र त्यानं विचारलं नाही. तिला त्यानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी फोन मागितला नाही रे. मी बाटली मागतेय.”

“थोडंच थांब.”

ती थांबली. ईस्टर झाला, फोन आला. येबोआनं तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि परत देऊन आला. का, तर त्याच कंपनीचा त्याच्याहून जलद फोन पावसाआधी येतोय म्हणे. मी कपाळावर पळी मारून घेतली. खरी. खूण होती दोन दिवस.

तेवढ्यात ओपोकूच्या माणसांनी दार ठोठावलं. ओपोकू सुआमेत गाड्यांचे सुटे भाग विकतो. माणूस वाईट नाही, त्याच्याबद्दल बोलायला मला काही सापडलंच नाही, यावरून समजा. अफ्राकोमाच्या मामानं बाटली ठेवून घेतली, पण बूच काढलं नाही. “पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी या, उत्तर देऊ,” एवढंच म्हणाला. भाचीच्या मनात काय आहे ते त्याला ठाऊक होतं. सगळ्या बांतामाला ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी ती टपरीशी येऊन उभी राहिली. त्या दिवशी टेबलावर फोन आपटला नाही.

“येबोआ, मामानं बाटली उघडलेली नाही. माझ्यासाठी उघडलेली नाही. त्या शनिवारच्या आत तुझी माणसं पाठव.”

“मी येतोच. आणि रिकाम्या हातानं येत नाही, बघच तू. फोन अक्राला आदल्याच दिवशी, शुक्रवारी उतरतोय, मित्रानं पहिला माझ्यासाठी बाजूला ठेवलाय.”

“तू येऊ नकोस. माणसं पाठव.”

“कळलं, कळलं.”

ती गेल्यावर मी म्हटलं, “मास्टर, मांपाँगला फोन लाव. म्हाताऱ्याला बोलावून घे.”

“अक्राहून येताना लावतो,” तो म्हणाला. डोळे असे चमकत होते, जणू लहान मुलाला जत्रेला नेणार आहेत.

त्या शनिवारी मी अफ्राकोमाच्या अंगणात बायकांच्या बाकावर होते. ओपोकूकडची मंडळी पांढऱ्या कपड्यात, आणखी बाटल्या घेऊन समोर बसलेली. दोन्हीकडून बोलणारे ठरलेले दोघं म्हणींवर म्हणी फेकत होते. अफ्राकोमा दाराकडे तोंड करून बसली होती. माझ्या शेजारणीला वाटलं ती लाजतेय. मला माहीत होतं ती काय बघतेय.

आणि तो आला. एकटा. अक्राच्या रस्त्याची लाल धूळ भुवयांपर्यंत, काखेत खोका. सरळ अंगणाच्या मध्यात. मी मागं पाहिलं, कुणी म्हातारा येतोय का, कुणाच्या हातात बाटली आहे का. फाटक मोकळं होतं.

“मामा,” तो म्हणाला, आणि धाप लागल्यामुळं परत म्हणाला, “मामा, हा बघा. हा कुठंच अडकत नाही. कसलाही व्हिडिओ असू दे. तिच्यासाठी आणलाय.”

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, म्हणजे बघा. मामानं खोका हातात घेतला, नीट बघितला. म्हातारा चांगला आहे.

“छान आहे,” तो म्हणाला. “तुला कुणी पाठवलं?”

“मी... मीच आलो.”

मामानं खोका त्याच्या हातात परत दिला. मला वाटतं त्यालाही हवं होतं की येबोआनं एखादं नाव घ्यावं, कुणाचंही, एखाद्या मेलेल्या काकाचं घेतलं असतं तरी त्यानं ओपोकूकडचं उत्तर थांबवून धरलं असतं. येबोआनं पुन्हा खोकाच पुढं केला.

“मग बस, पोरा. पाहुणा आहेस. जेवून जा.”

त्याला बाकाच्या टोकाला जागा दिली. मग रीतीप्रमाणं मामानं भाचीला विचारलं, “अफ्राकोमा, ही दारू घेऊ का?” आमच्यात तीनदा विचारतात. पहिल्यांदा ती गप्प. दुसऱ्यांदा विचारलं, तिनं मान वर करून येबोआकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. तो खोक्याकडे बघत होता. त्याला वाटत असावं की तो उघडून दाखवला तर सगळं सुरळीत होईल. त्याची बोटं खोक्याच्या कडेवर फिरत होती.

तिसऱ्यांदा विचारलं, ती म्हणाली, “घ्या.”

बायकांनी गाणं धरलं. मीही धरलं, धरावंच लागतं. येबोआला फुफूचा गोळा आणि बकरीच्या मटणाचं सूप वाढलं. तो जेवला. पाहुणा म्हणून बसवलेला माणूस जेवल्याशिवाय उठत नाही, एवढी एक रीत त्यानं त्या दिवशी बरोबर पाळली. गालावरच्या धुळीत दोन रेघा उमटल्या होत्या आणि तो सूप फार तिखट आहे म्हणाला. सूप मी चाखलं होतं. अजिबात तिखट नव्हतं.

खोका तो बाकावरच विसरून गेला. दुसऱ्या दिवशी अफ्राकोमानं तो माझ्या हातात दिला.

“त्याला द्या.”

“त्याला काही सांगू?”

“मी दोनदा थांबले, आंटी. सगळ्यांसमोर थांबले.” मग ती रडली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला विनोद सुचला नाही. आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

आता वर्ष होईल. ती सुआमेला राहते, पण छत्री इथंच आहे, हात तसेच चालतात. येबोआ गुणगुणत नाही. चर्चमध्ये गातो म्हणे, पण पुन्हा ऐकू येत नाही. तो फोन टपरीत वरच्या फळीवर आहे, प्लास्टिकसकट. मधल्या काळात त्याहून जलद दोन येऊन गेले. त्यानं चौकशीसुद्धा केली नाही.

गेल्या मंगळवारी अफ्राकोमा रस्ता ओलांडून आली. फोन तोच, म्हातारं गाढव. ओपोकूनं पेटीत कापडं दिली, बायबल दिलं, शिलाईचं यंत्र दिलं, फोन दिला नाही आणि तिनंही मागितला नाही. तिनं तो टेबलावर हळूच ठेवला. येबोआनं उघडला, फुंकर मारली, ब्रशनं पुसला. पडदा उजळला तेव्हा त्यावर तिच्या नवऱ्याचा फोटो होता. येबोआनं तो बघितला, काच सदऱ्याच्या टोकानं आणखी एकदा पुसली आणि फोन तिच्या हातात दिला.

ती गेल्यावर मला राहवलं नाही. “अरे, फळीवर तो नवा नुसता धूळ खात पडलाय. बहिणीला द्यावा तसा देऊन टाक की तिला. पोरगी त्या डबड्यावर किती दिवस काढणार?”

त्यानं ब्रश खाली ठेवला.

“तो दिला तर तिचा फोन अडकणार नाही, आंटी. मग ती इथं कशाला येईल?”