वहीतलं राहिलेलं नाव

केशवसर गेल्याचं मला वाचनालयात कळलं. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं दारातूनच सांगितलं. आदल्याच आठवड्यात सर माझ्या टेबलाशी बसले होते. उठताना म्हणाले, "रमण तेवढा राहिला हो."

मी चिंचणीत ग्रंथपाल. सर इथल्याच शाळेत इंग्रजी शिकवायचे. फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक शब्द लिहून तो कुठून आला ते सांगायचे. एका वर्षीच्या वर्गाला त्यांनी सांगितलं होतं, की मारणे या अर्थाचा 'हिट' हा शब्द फटक्याच्या आवाजावरून आला. पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनालयाला कुणी एक जाडजूड शब्दकोश दिला. त्यात निराळंच निघालं. तो शब्द उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी इंग्लंडात नेलेला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ गाठणे, भेटणे. मारणं मागाहून चिकटलं.

"मी चुकीचं शिकवलं," सर म्हणाले.

"कुणाच्या लक्षात असणार?"

"माझ्या आहे ना."

त्यांनी त्या वर्गाची नावं वहीत उतरवली. कुणी बोईसरला कारखान्यात पाळीवर, कुणी पाम गावच्या वाडीत. भेटेल त्याला चूक सांगायची आणि नावापुढे पेन्सिलीनं खूण करायची. एक मच्छीमार हसून म्हणाला, "म्हंजे होडीतून आला शब्द? मंग आमचाच हाय तो, सर!" सरांनाही ते आवडलं होतं.

रमण मात्र सापडेना. डोंगराकडच्या पाड्यावरचा, शाळा मध्येच सोडलेला, पावसाळा सरला की वीटभट्टीवर जाणारा. सर तीनदा गेले. दरवेळी घरचे म्हणाले, "तो नाय."

सरांचं दिवसकार्य झाल्यावर मी त्यांची वही घेऊन रमणच्या पाड्यावर गेलो. मलाही तेच उत्तर मिळालं. सर वारले एवढंच सांगून मी वळलो, तर आतून रमण बाहेर आला. दोन मुलांचा बाप, मान खाली.

"सर आलं तवा एकदा मी घरातच होतो. शाळेचं पुस्तक माज्याकडं राह्यलं ना... वाटलं, मारायला आलं."

त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून इंग्रजीचं पुस्तक काढलं. एका पानाच्या समासात कोवळ्या अक्षरात लिहिलं होतं : हिट, आवाजावरून. सर कशासाठी येत होते ते मी सांगितलं.

"एवढ्यासाठी?"

मग पेन्सिल मागून त्यानं ती ओळ खोडली आणि खाली सावकाश लिहिलं : गाठणे, भेटणे. मी वही पुढे केली. स्वतःच्या नावापुढची खूण त्यानंच केली.

पुस्तक त्यानं माझ्याकडे दिलं; आता ते वाचनालयात शब्दकोशाशेजारी आहे. वहीही तिथेच ठेवली आहे, पेन्सिलीसकट.