न लागलेल्या टॅक्सचे दिवस

शाळेच्या ऑफिसात खिडकीशी बसणाऱ्या बाईला किस्से शोधायला जावं लागत नाही. ते आपणहून रांगेत उभे राहतात, खिडकीतून डोकं आत घालतात आणि म्हणतात, "मॅडम, जरा एक मिनिट!" ते एक मिनिट कधीच एक मिनिटात संपत नाही. घरी येऊन सांगायला लागले की आमचे हे म्हणतात, "तू बनवून सांगतेस." अहो, फीच्या दिवसांत जेवायला वेळ मिळत नाही, किस्से कधी बनवू?

त्यातही मागे ती फीवरच्या टॅक्सची चर्चा सुरू झाली, तेव्हा तर किस्स्यांचा नुसता पाऊस पडला. खासगी शाळांच्या फीवर टॅक्स लावावा, असं कुणीतरी कुठेतरी सुचवलं. कुणी आणि कुठे, ते शेवटपर्यंत आम्हाला कळलं नाही. पण टीव्हीवर रोज चार डोकी चार चौकटींत बसून भांडायला लागली. एक म्हणायचा, "खासगी शाळा म्हणजे धंदा आहे, लावा टॅक्स, त्या पैशातून सरकारी शाळा सुधारा." दुसरा म्हणायचा, "शिक्षण म्हणजे काय फ्रिज आहे का?"

आमची शाळा खासगी असली तरी श्रीमंतांची नाही. फुलपाड्याचे नोकरदार, गिरीजचे वाडीवाले, अर्नाळ्याचे मासेमारी करणारे, अशा सगळ्यांची मुलं एकाच बाकावर बसतात. त्यामुळे टीव्हीवर ठिणगी पडली की धूर आमच्या खिडकीत!

*

पहिला फोन सकाळी ऑफिस उघडता उघडता आला. फुलपाड्याहून एक गृहस्थ बोलत होते. आवाजात घाई.

"मॅडम, टॅक्स लागायच्या आत फी भरली तर जुन्या दराने घ्याल ना?"

म्हटलं, "अजून काहीच ठरलेलं नाहीये हो."

"ठरल्यावर उशीर होईल! मी दहावीपर्यंतची सगळी फी आत्ताच भरून टाकतो. लोन काढतो, पण भरतो."

इतका उत्साही पालक मी आजवर पाहिला नव्हता. मी पेन हातात घेतलं. "बरं, मुलाचं नाव सांगा."

"नाव अजून ठरलं नाही."

"म्हणजे?"

"मिसेसची डिलिव्हरी पुढच्या महिन्यात आहे, मॅडम!"

*

स्टाफरूममध्ये तर सगळेच अर्थतज्ज्ञ झाले होते. त्यातले सगळ्यात मोठे म्हणजे आमचे पीटीचे सर, रॉड्रिग्ज. शिट्टी गळ्यात अडकवून ते टॅक्सच्या बाजूने असे काही बोलायचे, की वाटावं, हा माणूस मैदानावर फुकट गेला!

"लावायलाच पाहिजे!" मधल्या सुट्टीत ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "हॉटेलात जेवलो तर टॅक्स देतो, बूट घेतले तर देतो. शाळा काय आकाशातून पडलीय?"

तेवढ्यात आमच्या प्रिन्सिपल, लोपीस मॅडम, चहाचा कप घेऊन आत आल्या. मॅडम कमी बोलतात आणि त्याहून कमी हसतात. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, तुमची मुलगी आपल्याकडेच आहे ना?"

"हो मॅडम. तिसरीत."

"स्टाफची मुलगी म्हणून तिला फी माफ आहे. उद्या टॅक्सवाल्यांनी विचारलं, की ही सवलत कशी काय दिली, हिचाही हिशेब दाखवा, तर काय सांगू?"

सरांनी चहाचा एक मोठा घोट घेतला. 

"मॅडम," सर म्हणाले, "शिक्षण ही पवित्र गोष्ट आहे. तिला टॅक्स लावणं मला पहिल्यापासूनच पटत नाही!"

*

या सगळ्या गोंधळात एकच माणूस खूश होता. समोरच्या बिल्डिंगमध्ये निवडक हुशार मुलांचाच कोचिंग क्लास चालवणारे राणे सर. त्यांचा मुलगा आमच्याकडे आठवीत, म्हणून त्यांचं येणं-जाणं असायचं. क्लासच्या पावतीवर टॅक्स लागतो, शाळेच्या पावतीवर नाही, हे त्यांचं जुनं दुखणं.

"आता कळेल तुम्हाला!" खिडकीशी उभं राहून ते म्हणाले. "आम्ही इतकी वर्षं टॅक्स लावतोय, आमच्यासाठी कुणी रडलं? मुलं तीच, गणित तेच, पुस्तकंही तीच. मग आम्ही दुकान आणि तुम्ही मंदिर, हे कसं?"

खरं सांगू? मुद्दा चुकीचा नव्हता.  रांगेत मागे उभ्या असलेल्या एका आईने मला वाचवलं. ती म्हणाली, "सर, एवढंच वाटतं तर क्लास बंद करून तुम्हीही शाळाच काढा ना!"

राणे सर दचकले. "छे छे! शाळा काढली तर सगळ्यांनाच शिकवावं लागेल!"

*

गिरीजचे इनासकाका म्हणजे आमच्या ऑफिसचे नेहमीचे पाहुणे. केळीची वाडी आहे, घरात नातवंडं आहेत, आणि नातीला शाळेत सोडायला स्वतःच येतात. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात कुणीतरी त्यांना सांगितलं, की टॅक्स सर्व्हिसवर लागतो. झालं! सोमवारी काका थेट प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये. दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. अर्थात काकांचा आवाज असा, की दार बंद असतं तरी आलं असतं.

"मॅडम, टॅक्स सर्व्हिसवर लागतो ना?"

"लागलाच तर, हो."

"मग सर्व्हिसचा हिशेब करू. मी बाजारात केळी देतो. घड खराब निघाला तर दुसऱ्या दिवशी बदलून देतो. माझी नात गणितात नापास झालीय. बदलून देणार का?"

बाहेर उभी असलेली नात, पाचवीतली ग्रेसी, लाजेने लालेलाल! मला वाटलं, मॅडम आता चिडणार. पण मॅडमनी चष्मा काढला, काकांकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बदलून मिळणार नाही, काका. रिपेअर करून देऊ. शनिवारी शाळा सुटल्यावर तिला माझ्याकडे पाठवा. मी स्वतः शिकवते."

आणि खरंच शिकवलं! पुढच्या चाचणीत ग्रेसी पास झाली. काका पेपर घेऊन आले, मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, माल उत्तम आहे. गैरसमज माझा झाला होता."

*

पण सगळंच काही हसण्यासारखं नव्हतं.

एके दुपारी खिडकीशी अर्नाळ्याच्या कल्पनाताई येऊन उभ्या राहिल्या. त्या मासळी विकतात, नवरा बोटीवर जातो. त्यांची रेश्मा नववीत. हुशार पोरगी, बोलायला चटपटीत. ताई एरवी आल्या की आधी हसणार, मग बोलणार. त्या दिवशी हसल्या नाहीत. बाजार उरकून तशाच आल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, शाळेचा दाखला काढायला काय करावं लागतं?"

मला वाटलं, गाव बदलतायत. विचारलं, "कुठे चाललात?"

"कुठं नाय. पोरीला गावातल्या शालेत घालते. आता हाय ती फीच कशीबशी भरते मी. वर टॅक्स लागला तर कुठून आनू?"

"रेश्माला माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली. नाही.

खिडकीतून असल्या गोष्टी बोलता येत नाहीत. मी त्यांना हाताला धरून मॅडमकडे घेऊन गेले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"कल्पनाताई, टॅक्स अजून लागलेला नाही. न लागलेल्या टॅक्ससाठी पोरीची शाळा सोडवणार?"

"मॅडम, आभाळ भरलं की आमी बोट किनाऱ्याला लावतो. वादळ यायची वाट नाय बघत."

मॅडमनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाल्या, "बरं. मग असं करा. वादळ आलं तर आधी माझ्या दारात या. दाखल्याचं नंतर बघू. आणि तोवर रेश्माला यातलं काही कळू द्यायचं नाही."

ताईंनी पदराने डोळे पुसले. उठताना दारातून मागे वळून म्हणाल्या, "कालची सुरमई राहिली असती तर आनली असती, मॅडम. सगली खपली!"

त्या गेल्यावर मॅडम बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. मी सही घ्यायला आणलेले कागद तसेच परत घेऊन आले.

*

मग पालकसभा भरली. हॉल गच्च! पालकांमधलेच एक सीए होते. त्यांनी 'सोप्या भाषेत' समजावून सांगायचं ठरवलं, आणि पंख्याखाली बसलेल्यांनाही घाम फुटला. सूट म्हणजे काय, शून्य दर म्हणजे काय, दोन्हींत फरक काय... माझ्या शेजारचे एक आजोबा म्हणाले, "हे संपलं की मला फक्त एवढंच सांगा, खूश व्हायचं की रडायचं?"

तेवढ्यात कल्पनाताई उभ्या राहिल्या. माईक द्यायला कुणी धावलं, तर हातानेच नको म्हणाल्या. त्यांना बाजारात कधी माईक लागला होता?

"सायेब, एकच सांगा. टॅक्स लागला का नाय?"

"ताई, सध्या शालेय शिक्षणावर टॅक्स नाही," सीए म्हणाले. "फक्त चर्चा चालू आहे."

"मंग त्या चर्चेवर लावा ना टॅक्स! टीव्हीवर केवढी चालते रोज! सरकारचा खजिना भरून वाहील!"

हॉल असा हसला, असा हसला, की पहिल्यांदाच त्या सभेत सगळ्यांचं एकमत झालं!

*

आणि एका शनिवारी सकाळी बातमी आली. सरकारचा असा काही विचार नाही, शाळेच्या फीवर टॅक्स लागणार नाही. सीएसाहेबांनी दोन ठिकाणी खात्री करून मला फोन केला. मी ती बातमी मॅडमना सांगितली. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि डोळे मिटून त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग मला म्हणाल्या, "चुरी मॅडम, पेढे मागवा."

रॉड्रिग्ज सर स्वतः गाडीवरून गेले आणि पेढे घेऊन आले. स्टाफरूममध्ये वाटावाटी सुरू झाली. ज्या चेहऱ्यांवर कितीतरी दिवस आठ्या होत्या, ते चेहरे बघण्यासारखे झाले होते. मराठीच्या बाई म्हणाल्या, "जे झालंच नाही, त्याचे पेढे वाटणारी आपली पहिलीच शाळा असेल!"

मॅडमनी सरांना विचारलं, "बिल आणलंत ना?"

"आणलं, मॅडम." सरांनी खिशातून बिल काढलं, वाचलं आणि त्यांचं तोंड उतरलं. "पेढ्यांवर मात्र लावलाय हो!"

*

त्याच दिवशी दुपारी आमच्याकडे वादविवाद स्पर्धा होती. विषय पूर्वीच ठरलेला: खासगी शाळांच्या फीवर कर असावा का? आता निकाल लागलेल्या विषयावर काय वाद घालायचा? पण मॅडम म्हणाल्या, "मुलांनी तयारी केलीय. होऊ दे."

पालकही आले होते. सगळे सुटल्यासारखे हसत-खिदळत होते. पुढच्या रांगेत कल्पनाताई बसल्या होत्या, नवी साडी नेसून. मी लांबूनच त्यांना खूण केली, कळलं का? त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

चिठ्ठ्या टाकून बाजू वाटल्या होत्या, आणि रेश्माच्या वाट्याला आली होती कराची बाजू! विरोधी बाजूची मुलं आधी बोलली. त्यांना काय, टाळ्याच टाळ्या! मग रेश्मा उभी राहिली. हॉलमध्ये मागे कुजबुज चाललेली. हिचं आता कोण ऐकणार?

ती म्हणाली, "माझी आई मासळी विकून माझी फी भरते. तिच्यावर कर लावा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण आमच्या घरातली सगळीच मुलं माझ्यासारखी नाहीत. माझा आतेभाऊ ज्या शाळेत जातो, तिथे फी नाही. बाकंही नाहीत. तो जमिनीवर बसून लिहितो, म्हणून त्याचं अक्षर वाकडं येतं आणि त्याचे मार्क जातात. ज्यांना परवडतं, त्यांच्याकडून थोडं घ्या. ज्यांना नाही परवडत, त्यांना सोडा. आणि जे घ्याल, त्याची बाकं करा. मला बाक मिळालं म्हणून मी इथे उभी राहून बोलतेय."

कुजबुज थांबली होती. मग टाळ्या पडल्या.

परीक्षक म्हणून आलेले परेरा सर निवृत्त शिक्षक. त्यांनी उठून सांगितलं, की बक्षीस रेश्माचंच, त्यात वादच नाही. पण आता प्रेक्षकांचंही मत घेऊ. "कर असावा, असं कुणाला वाटतं? हात वर करा."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सकाळीच तर सुटका झालेली! एकही हात वर जाईना.

मग पुढच्या रांगेतून एक हात वर गेला. बांगड्या वाजल्या म्हणून सगळ्यांनी वळून बघितलं. कल्पनाताई!

परेरा सर चकित. "ताई, पालकसभेत तर तुम्हीच सगळ्यात जोरात विरोध केला होता म्हणे!"

"हो. केला होता."

"मग आता पोरीने तुमचं मत बदललं वाटतं?"

कल्पनाताईंनी हात खाली केला नाही. म्हणाल्या, "टॅक्स लागनार नाय, हे नक्की ना, सर?"

"नक्की."

"मंग पोरीला मत द्यायला काय जातं!"