माझ्या नावावरची ओळ

नवऱ्याची बदली चंदीगडला झाली आणि मी मोहालीतल्या एका छोट्या कंपनीत तांत्रिक लेखनाची नोकरी धरली. तो हवाई दलात. दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलायचं, मुलाची शाळा बदलायची आणि माझी नोकरी सुटायची, हे ठरलेलं. ही कंपनी प्रयोगशाळांतल्या उपकरणांसाठी सॉफ्टवेअर बनवायची, आणि ते कसं वापरायचं हे साध्या इंग्रजीत लिहिणं एवढं माझं काम. मी मिरजेची, भाषा विषय घेऊन शिकलेली. संगणकातलं जे काही मला येतं ते या ना त्या ऑफिसात कुणाला तरी विचारून विचारून आलेलं.

पहिल्याच आठवड्यात कँटीनच्या रांगेत उभी राहून आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर मागून आवाज आला, "सांगली का मिरज, ताई?"

वळून बघितलं. पस्तिशीचा एक माणूस हातात ट्रे घेऊन हसत होता. "मी वर्ध्याचा. दोन वर्षं झाली, या हापिसात मराठीचा एक शब्द कानावर नाही पडला बाप्पा."

तो आमच्याकडचा सीनियर प्रोग्रॅमर होता. त्या दिवसापासून आम्ही एकत्र जेवायला लागलो. मग घरी येणं-जाणं सुरू झालं. त्याची बायको शांत होती, मुलगी माझ्या मुलाएवढी. दोन्ही पोरांना मराठी कळायचं, पण आपसात हिंदीतच भांडायची. माझा सख्खा भाऊ परदेशात. त्या वर्षी भाऊबीजेला हा सकाळीच अंघोळ करून, नवा शर्ट घालून आमच्या क्वार्टरच्या दारात उभा. "ओवाळता का, ताई? माझी बहीणबी लांब आहे." मी ओवाळलं. हे सांगते कारण पुढचं नुसत्या सहकाऱ्यानं केलं असतं तर मी इतकी वर्षं ते मनात घोळवलं नसतं.

तपासणीच्या एका प्रोग्रॅमची ओळख त्यानंच करून दिली. लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीवर सॉफ्टवेअर लोकांपर्यंत जातं ते एक गाठोडं बांधून. त्याला पॅकेज म्हणतात. ते बाहेर पाठवायच्या आधी हा प्रोग्रॅम ते उघडून बघतो आणि काय काय चुकलंय त्याची यादी देतो: ही फाइल चुकीच्या जागी आहे, हिची माहिती लिहिलेली नाही, असं. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही, जगभरातले लोक हौसेनं सांभाळतात. यादीतल्या प्रत्येक तक्रारीखाली दोन-तीन ओळींचं स्पष्टीकरण असतं. त्याच्या पडद्यावर मी ते वाचलं आणि म्हटलं, "काय चुकलं ते कळलं. पण मग मी करू काय?"

"तेच तर नाही लिहिलेलं," तो म्हणाला. "ज्यानं प्रोग्रॅम केला त्यानंच हे लिहिलं. त्याले वाटते, मला समजते तर दुसऱ्याला काहून नाही समजणार?"

"हे बदलता येतं?"

"कोणीही बदलू शकते. तुम्हीबी."

मी पहिली दुरुस्ती पाठवली ती अगदी किरकोळ होती. स्पष्टीकरणांवर देखरेख ठेवणारी बाई कुठल्यातरी थंड देशात राहायची. तिनं ती तीनदा परत पाठवली. प्रत्येक वेळी एकच प्रश्न: हे तुम्हाला कुठून कळलं? चौथ्या वेळी स्वीकारली. माझं नाव त्या ओळींच्या इतिहासात उमटलं आणि मी कँटीनमध्ये त्याला सामोसा खाऊ घातला.

पुढचं दीड वर्ष मी सुट्टीच्या दिवशी एकेक तक्रार घ्यायचे. तो मला तिचा अर्थ मराठीत समजावायचा, मी तो इंग्रजीत उतरवायचे. काय बिघडलंय, त्यानं कुणाला त्रास होतो, दुरुस्त कसं करायचं, आणि कधी ही तक्रार लागू नसते. हा शेवटचा भाग सगळ्यात नाजूक, कारण हा तपासनीस प्रोग्रॅमही कधीकधी चुकतो. अशा वेळी कारण लिहून तक्रार दाबता येते. मग ती यादीत दिसत नाही. हळूहळू त्या बाईचे प्रश्न कमी झाले. कुठली कुठली अनोळखी माणसं लिहायची, आता कळलं बुवा. बदलीबरोबर न सुटणारं असं माझ्याकडे पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो एकटाच आला. आम्ही मागच्या हिरवळीवर उन्हात खुर्च्या टाकून किन्नू, म्हणजे तिकडची संत्री, सोलत बसलो होतो. नवरा मुलाला घेऊन क्रिकेटला गेलेला.

"ताई, त्या लायब्ररीच्या कॉपीवाल्या तक्रारीवर एक ओळ कमी आहे."

ती तक्रार मला माहीत होती. अनेक प्रोग्रॅमना लागणारी सामाईक सामग्री असते, तिला लायब्ररी म्हणतात. सगळ्यांनी एकच वापरायची असते, म्हणजे तिच्यात सुरक्षेचं भोक सापडलं तर एकदा बुजवलं की सगळीकडे बुजतं. पण काही लोक तिची जुनी प्रत आपल्याच गाठोड्यात कोंबतात. बाहेरचं भोक बुजतं, यांचं तसंच राहतं. तपासनीस त्यावर ओरडतो.

"कुठली ओळ?"

त्यानं फोड तोंडात टाकली. "की कॉपी वेळच्या वेळी अपडेट होत असेल, तर कारण लिहून तक्रार दाबता येते."

"हे खरंच चालतं?"

"चालते. सगळे तेच करून राहिले. लिहिलेलं कुठं नाही, बस."

"मी पडताळू कुठे पण?"

तो हसला. "आता माझ्यावरबी विश्वास नाही का, ताई?"

मला विचारल्याचीच लाज वाटली. त्या आठवड्यात मी ती ओळ लिहून पाठवली. बाईनं विचारलं, हे काम प्रत्यक्ष करणाऱ्या कुणाशी बोललात का? मी उत्तर दिलं, हो, एका अनुभवी सहकाऱ्याशी. तिनं ओळ स्वीकारली.

जूनमध्ये आमच्या एका ग्राहक प्रयोगशाळेनं सगळं सॉफ्टवेअर बाहेरच्या माणसाकडून तपासून घेतलं. आमच्या पॅकेजमध्ये एका लायब्ररीची जुनी प्रत सापडली, कित्येक वर्षांत हात न लावलेली, आणि तिच्यातलं भोक सगळ्या जगाला ठाऊक असलेलं. त्यातून बाहेरचा माणूस आत शिरून प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचे निकाल बदलू शकला असता. तसं कुणी केलं नव्हतं, पण ग्राहक भडकला. मालकांनी आम्हा पाच-सहा जणांना बोलावलं. मला का बोलावलं हेच मला कळेना. खुर्चीत बसेपर्यंत मला वाटत होतं, ग्राहकाला पाठवायचं पत्र लिहून घेणार असतील.

मालकांनी त्याला विचारलं, "ये वॉर्निंग दबाई किसने?"

"मैंने, सर," तो म्हणाला. आवाज अगदी सरळ. "लेकिन डॉक्युमेंटेशन देख के. उसमें साफ लिखा है कि दबा सकते हैं." त्या स्पष्टीकरणाचं पान उघडून त्यानं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "और ये लिखा किसने है? अपनी मॅडम ने. मैंने तो फॉलो किया, बस."

मॅडम. त्यानं मला त्याआधी कधीच मॅडम म्हटलं नव्हतं, इतरांसमोर हिंदीत बोलतानाही नाही.

मालक माझ्याकडे वळले. "आपका नाम है इसपे?"

"है. लेकिन सर, मुझे इन्होंने ही..." एवढं बोलून मी थांबले. कधी सांगितलं, कुठे सांगितलं? ना मेल, ना मेसेज. किन्नू सोलताना सांगितलं, मराठीत, हे त्या टेबलावर कसं मांडायचं? त्यानं माझ्याकडे बघितलं ते असं, की मी काय बोलतेय ते त्यालाही ऐकायची उत्सुकता आहे.

"प्रत अपडेट असेल तर, असं लिहिलंय त्यात," मी कसंबसं हिंदीत सांगितलं. "आपली कुठे अपडेट होती?" पण तोवर चर्चा ग्राहकाला काय कळवायचं याकडे वळली होती. कागदोपत्री ठरलं ते असं: स्पष्टीकरणातल्या संदिग्ध वाक्यामुळे गैरसमज झाला.

त्या दुपारी मी जागेवर बसून आमच्या पॅकेजचा इतिहास उघडला. कुठला बदल कुणी कधी केला हे त्यात दिसतं. तक्रार दाबताना त्यानं कारण लिहिलं होतं: डॉक्युमेंटेशन पाहावे. तारीख बघितली. मग माझ्या ओळीची तारीख बघितली. पुन्हा दोन्ही बघितल्या. त्यानं ते कारण माझी ओळ स्वीकारली जाण्याच्या नऊ दिवस आधी लिहिलं होतं. तो आमच्याकडे आला त्या रविवारच्याही तीन दिवस आधी. म्हणजे जी ओळ जगात कुठेच नव्हती तिचा हवाला देऊन तो मोकळा झाला होता, आणि मग ती माझ्याकडून लिहून घ्यायला घरी आला होता. एकटा आला होता, तेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं. दोन्ही तारखा लिहिलेला कागद त्याच्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

त्यानं कागद वाचला, घडी केली आणि मला परत दिला. "आप टेन्शन क्यों ले रही हैं?"

"मराठीत बोल माझ्याशी."

त्यानं आजूबाजूला कुणी आहे का ते बघितलं. मग म्हणाला, "ग्राहकाला यादी कोरी पाहिजे होती. ती कॉपी काढायला दोन महिने लागले असते. मला कोणी दोन महिने देत होतं का?"

"मग मला सांगायचंस. मी काय नाही म्हटलं असतं?"

"म्हटलंच असतं. तुम्ही लिहिलंच नसतं ते." हे मात्र खरं होतं. मग तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "तुमचं काय जाते, सांगा ना? वर्षभरात साहेबांची पोस्टिंग येईल, तुम्ही दुसऱ्या गावाला जाल. तुमचं घर काही या नोकरीवर चालून नाही राहिलं. माझं चालते."

म्हणजे त्यानं विचार केला होता. घाबरून त्या क्षणी माझं नाव तोंडातून निसटलं असं नव्हतं. कुणाला पुढे केलं तर कमीत कमी नुकसान, याचा हिशेब त्यानं शांतपणे केला होता आणि त्यात मी बसत होते. मी काहीतरी बोलले असेन, आता आठवत नाही. घरी जाताना सेक्टर सतराच्या सिग्नलपर्यंत टॅक्सीवाला पंजाबी गाणी ऐकत होता आणि मी कागदाची घडी उलगडत होते, घालत होते, एवढं आठवतं.

तारखा मी मालकांना दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून बघितल्या आणि म्हणाले, "मॅडम, क्लायंट मान गया है. अब ये चॅप्टर मत खोलिए."

उरली होती ती फक्त ओळ. कुणीकुणी ती वाचून आणखी किती भोकं झाकली असतील कुणास ठाऊक. मी त्या देखरेख करणाऱ्या बाईला सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: ही ओळ मी स्वतः न पडताळता लिहिली. ज्याच्या शब्दावर लिहिली त्याचा त्यात स्वार्थ होता. ओळ चूक आहे, काढून टाकावी. तिच्या जागी काय लिहावं तेही दिलं, आणि या वेळी ते काम करणाऱ्या चार जणांना विचारून, त्यांची उत्तरं जोडून. तिनं दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती स्वीकारली. खाली एवढंच लिहिलं होतं: मीही एकच प्रश्न विचारून थांबले, आणखी विचारायला हवं होतं.

जुनी ओळ स्पष्टीकरणातून गेली. इतिहासात ती आहे, माझ्या नावासकट.

त्याच्या बायकोचा एकदा फोन आला. "ताई, बऱ्याच दिवसांत आल्या नाही?" तिला काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. कामं फार आहेत म्हटलं. भाऊबीजेला तो आला नाही, आणि मीही त्या सकाळी ओवाळणीचं ताट केलं नाही. मुलानं विचारलं, "मामा नहीं आएंगे?" नवऱ्यानंच त्याला बाहेर नेलं.

नंतर कंपनीनं मला एका सरदारजींबरोबर काम दिलं. निवृत्तीला आलेले, अतिशय प्रेमळ गृहस्थ. एका सकाळी चहाचा कप घेऊन ते माझ्या टेबलाशी बसले आणि पॅकेज पूर्वी हातानं कसं बांधायचे, कुठली चूक कुणाच्या लक्षात कशी आली, कुठल्या तक्रारीवर कधीच विसंबू नये, हे अर्धा तास रंगून सांगत राहिले. दोन वर्षांपूर्वी मी वही काढून बसले असते. त्यांचं संपल्यावर मी म्हटलं, "सर, ये सब मेल कर देंगे?"

ते क्षणभर थबकले. "हां जी, पक्का," म्हणाले आणि कप घेऊन उठले.

मेल संध्याकाळी आला. दोन वाक्यांचा होता, आणि दोन्ही बिनचूक होती. सकाळी त्यांनी सांगितलेलं त्यात काहीच नव्हतं, आणि पुन्हा जाऊन विचारायला माझे पाय उचलले नाहीत.