घड्याळ काढ

लेकीच्या कंपासमधून टोक काढलेल्या पेन्सिलीचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. पाच वर्षांपूर्वी आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, तात्यापारा भागातल्या एका दवाखान्यात, आईच्या विसरण्याची तपासणी करायला डॉक्टरांनी तिच्यापुढे कोरा कागद आणि तशीच पेन्सिल ठेवली. "माताजी, घड़ी बनाइए." आईला कळेना, म्हणून शेजारी बसलेल्या मामानं मराठीत सांगितलं, "ताई, घड्याळ काढ." आईनं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि नीट त्या कागदावर ठेवलं. डॉक्टरांनी शून्य लिहिलं. "कितना पढ़ी हैं?" मी तोंड उघडायच्या आत मामाच बोलला, "दूसरी तक. पढ़ाई में इसका मन ही नहीं लगता था." कमी शिकलेल्यांत हा आजार जास्त दिसतो, असं डॉक्टर म्हणाले, आणि रेल्वेत साहेब होऊन रिटायर झालेल्या मामानं मान डोलावली. सकाळपासून माझं नाव न आठवलेली आई त्याच्याकडे वळली. "मन लागे माहं. तुले सांभाळाले काढलं मले शाळेतून." मामा हसला. "देखिए, कुछ भी बोलती है." डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. आजीच्या तोंडून मी हे लहानपणी दहादा ऐकलं होतं, तरी मामाचा मान राखत मी गप्प बसले, आणि आईच्या फाइलीत तिचं खरं बोलणं आजाराचं लक्षण म्हणून आजही पडून आहे.